मसाले, तबकड्या, दिवाळी अंक आणि जपानी सिनेमे एकाच खोलीत: पुस्तकांना भोकं पडताहेत, मदत हवी

सरमिसळ:
नमस्कार मंडळी. घर ठाण्यात खाडीच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. १२ बाय १०ची खोली, तिची एक भिंत स्वयंपाकघराला लागून. आवडी चार दिशांच्या आहेत, त्यामुळे सामानही तसंच. पुस्तकांत साठ-सत्तरच्या दशकांतले दिवाळी अंक, सोव्हिएत काळातली कापडी बांधणीची मराठी भाषांतरं आणि बऱ्याच रहस्यकथा. गाण्यांत नाट्यसंगीताच्या जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या, जॅझच्या एलपी (मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या लाँग प्ले तबकड्या) आणि गावोगावच्या भजनी मंडळांच्या, भारुडांच्या कॅसेट. सिनेमांत मराठी व्हीसीडी आणि जपानहून मागवलेल्या डीव्हीडी-ब्लू रे. आणि याच खोलीच्या फडताळात वर्षाचा गोडा मसाला, हळकुंडं, धने, आमसुलं, दोन बरण्या लोणचं.

सध्याची अडचण: स्वयंपाकघराच्या भिंतीकडल्या कप्प्यात कापडी बांधणीच्या सात-आठ पुस्तकांच्या पाठीला बारीक गोल भोकं पडली आहेत. खाली पिठासारखी भुकटी पडते. डांबराच्या गोळ्या ठेवूनही थांबत नाही. शिवाय दोन तबकड्यांवर पांढरी बुरशी आहे. सगळं याच खोलीत राहायला हवं, दुसरी जागा नाही. काय करावं?

पाठशिवण:
आधी किडा ओळखा, उपाय त्यावर ठरतो. कसर पान वरवर खरवडते. तिच्या खुणा वेड्यावाकड्या असतात आणि बहुतेक वेळा मुखपृष्ठाच्या चकचकीत थरावर किंवा लेबलावर असतात. वाळवी मातीच्या नळ्या करत येते आणि पुस्तक आतून पोखरते. बाहेरून पुस्तक धड दिसतं, हातात घेतलं की खचतं. तुम्ही सांगताय ती गोल, सुईने टोचल्यासारखी भोकं आणि कोरडी भुकटी म्हणजे भुंगेऱ्याच्या अळीचं काम. अळी पाठीतली खळ खात सरळ आत जाते. कापडी बांधणीच्याच पुस्तकांना त्रास आहे यावरूनही तेच दिसतं, कारण त्या पुठ्ठ्यांत पिठाची खळ भरपूर असते.

पांढरा कागद खाली पसरून पुस्तक पाठीवर हलकेच आपटा. २ ते ३ मिलिमीटरचा, तपकिरी, पाठीला बाक असलेला किडा पडतो का बघा.

सरमिसळ:
पडला. दोन पडले. तांबूस तपकिरी, डोकं खाली वळलेलं, वरून दिसतच नाही.

खडाहिंग:
सरमिसळताई/दादा, आता तुमचा धन्यांचा डबा आणि हळकुंडं बघा. आधी तेच बघा, पुस्तकं नंतर.

सरमिसळ:
(ताई.) हळकुंडांत आहे! भोकं तशीच, पिवळी भुकटी. धन्यांतही तोच किडा.

खडाहिंग:
तेच वाटलं होतं. हा लॅसिओडर्मा जातीचा भुंगेरा. तंबाखूच्या गोदामांचा जुना शत्रू, पण हळद, धने, सुंठ, अगदी लाल तिखटसुद्धा खातो. सोबत याचा एक भाऊबंद असतो, स्टेगोबियम. त्याच्या पंखांवर उभ्या बारीक रेघा असतात, लॅसिओडर्माचे पंख गुळगुळीत दिसतात. दोघंही मसाला खातात आणि दोघंही पुस्तक खातात. तुमच्याकडे पुस्तकाचा आणि मसाल्याचा प्रश्न वेगळा नाही. किडे हळकुंडात वाढले, संध्याकाळी उडाले आणि शेजारच्या कप्प्यातल्या खळीत अंडी घातली. पुस्तकं कितीही साफ करा, डबा तसाच राहिला तर दीड-दोन महिन्यांत नवी पिढी हजर. अंड्यापासून किडा व्हायला आपल्या हवेत साधारण तेवढाच वेळ लागतो.

करायचं ते असं. भोकं पडलेली हळकुंडं आणि धने टाकून द्या, वाचवण्यात अर्थ नाही. आत विष्ठा आणि कात असते. घराच्या केराच्या डब्यात नको, पिशवी घट्ट बांधून त्याच दिवशी बाहेर. उरलेले, वरून चांगले दिसणारे खडे मसाले हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये एक आठवडा ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं आणि मसाल्याला बुरशी येते. फडताळाच्या फटी, खिळ्यांची भोकं, कागदाखालची जागा व्हॅक्युम क्लीनरने ओढून घ्या. कप्प्यात पसरलेले जुने वर्तमानपत्राचे कागद बदला, अळी त्यांच्या घडीत कोष करते.

आणि डांबराच्या गोळ्या आत्ता, वाचताय तेव्हाच, त्या खोलीतून काढा. खाण्याच्या वस्तूंजवळ नॅफ्थलीन नकोच. मसाल्यातलं तेल तो वास धरून ठेवतं आणि तो पुन्हा जात नाही.

पाठशिवण:
खडाहिंग यांना पूर्ण अनुमोदन. गोळ्यांची वाफ प्लास्टिकच्या काही डब्यांनाही मऊ करते, सीडीची स्वस्त पारदर्शक डबी त्यातलीच.

आता पुस्तकांचं. प्रत्येक पुस्तक पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळा, मग पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा. संग्रहालयात उणे २० ते ३० अंशांवर काही दिवसांत काम होतं. घरचा फ्रीझर उणे १८च्या आसपास असतो आणि दार उघडझाप होते, म्हणून दोन आठवडे द्या. पुस्तकं एकावर एक ठासू नका. मधल्या जाड पुस्तकाच्या गाभ्यापर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो, आणि हळूहळू थंड होताना किडा तग धरतो. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी बंद. या नियमात घाई झाली की पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पाणी सुटतं आणि किडा गेला तरी डाग राहतो. मग मऊ ब्रशने पाठीतून वर-खाली भुकटी झाडा. भोकं बुजवू नका, तीन महिन्यांनी नवी भुकटी दिसते का ते कळायला हवं.

ऊन दाखवू नका. मसाल्याला ऊन चालतं, पुस्तकाला नाही. पुठ्ठे वळतात, कागद पिवळा पडतो आणि अळी आत सावलीतच राहते.

वेखंडाची पूड कापडाच्या पुरचुंडीत ठेवायला हरकत नाही, आपल्याकडे पोथ्यांच्या रुमालात ती पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात. पण ती दूर ठेवणारी गोष्ट आहे, आत शिरलेली अळी तिने मरत नाही. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर खडखडीत वाळलेला. ओल्या पानांचा डाग पानावर उतरतो.

नांदरुख:
पुस्तक सुटलं असेल तर खळीत मोरचूद घालावा का? आमच्याकडचे बाइंडर घालतात.

पाठशिवण:
नको. किडा लागू नये म्हणून तो घालायची पद्धत जुनी आहे, पण तांब्याचा अंश कागदाला तपकिरी आणि ठिसूळ करतो. जुन्या वह्यांच्या शिवणीशी हिरवट-तपकिरी पट्टा दिसतो तो बऱ्याचदा त्यामुळेच. साधी खळ अशी करा: गव्हाचं सत्त्व एक भाग, पाणी पाच भाग. अर्धा तास भिजवून मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, साधारण २० मिनिटं. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा घासून काढा, गुठळी राहिली की पानाखाली उंचवटा येतो. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. आंबूस वास आला की फेका. लावायची अगदी पातळ, कारण जाड खळ म्हणजे पुन्हा किड्याला जेवण. फेव्हिकॉल आणि सेलोटेप दोन्ही टाळा. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत कागदात उतरून तेलकट पिवळा होतो आणि मग निघत नाही.

तिहाई:
तबकड्यांचं मी सांगतो. ७८ची तबकडी आणि एलपी दोन्ही काळ्या, गोल, म्हणून लोक दोन्ही एकाच पद्धतीने पुसतात आणि ७८चा नाश करतात. एलपी म्हणजे पीव्हीसी, एक प्रकारचं प्लास्टिक. ७८ म्हणजे लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी. फर्निचरचं स्पिरिट पॉलिश ही स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच असते, तेव्हा ७८ला स्पिरिट लावलं तर काय होईल ते सांगायला नको. बाजारातल्या रेकॉर्ड क्लीनरच्या बाटलीवर आयसोप्रोपिल किंवा अल्कोहोल लिहिलं असेल तर ती बाटली फक्त एलपीसाठी.

बुरशी आलेल्या ७८साठी: मास्क लावा, गॅलरीत जा, आधी कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडा. ती खोलीत झाडली तर शेजारच्या तबकडीवर बसते. मग अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या बिनरंगी द्रवाचे दोन थेंब. ब्रश ओला करून खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नाही. लेबलला पाणी लागू देऊ नका. बुडवून ठेवू नका. काही कंपन्यांच्या तबकड्यांत, कोलंबियाच्या विशेषतः, थर असतात आणि कडेच्या चिरेतून पाणी शिरलं की थर सुटतो. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, बिनधाग्याच्या कापडाने टिपा, उभी करून सावलीत वाळवा. नळाचं पाणी वापरलं तर क्षार खाचेत राहतात आणि तडतड वाढते.

ठेवायच्या सगळ्या उभ्या, काटकोनात. एका फुटाच्या कप्प्यात एलपींचं वजन १५ ते २० किलो होतं, प्लायची लांब फळी मधे झुकते आणि तबकड्या तिरक्या होतात. दर फुटाला आधार द्या. ७८ आणि एलपी एका ओळीत मिसळू नका. १० इंची जड तबकडी १२ इंचीच्या मधोमध दाबते आणि एलपी वाकते. मऊ पीव्हीसीचे आतले पाकीटही काढा, त्यातला तेलकट अंश एलपीवर धुकं धरतो. साधा कागद किंवा पॉलिथिन चालेल.

सरमिसळ:
तिहाई, ७८ वाजवायच्या कशा? सध्याचा टर्नटेबल ३३ आणि ४५चाच आहे.

तिहाई:
सुई आणि वेग, दोन्हीचा विचार करा. एलपीची सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉन असते, ७८ला ७५ मायक्रॉनच्या आसपास लागते. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन पडते, तिथे साठलेली धूळ वाचते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. सुईवरचा भारही एलपीला दीड-दोन ग्रॅम, ७८ला तीन ते पाच. काही कार्ट्रिजना (सुई बसते त्या डबीला) ७८ची सुई वेगळी बदलून लावता येते, तशी मिळाली तर उत्तम.

७८चा वेग नसेल आणि नवा टर्नटेबल घेणं जमत नसेल तर ४५वर वाजवून संगणकावर घ्या आणि मग वेग १.७४ पट करा. फोनो प्रीअँपने (सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवणाऱ्या यंत्राने) एलपीच्या हिशेबाने खर्ज-तार बदललेले असतात आणि वेग वाढवल्यावर ती दुरुस्ती भलत्याच जागी जाते. आवाज पुरता बरोबर येणार नाही, पद ओळखीला आणि अभ्यासाला पुरेल. दोन्ही चॅनेल जोडून मोनो करायला विसरू नका. ७८च्या खाचेत गाणं आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत फक्त गोंगाट. मोनो केलं की त्यातला बराचसा जागीच मरतो.

माझं एक ठाम मत: त्या १० इंची तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटांत बसवलेलं नाट्यपद ऐकताना खरखर सॉफ्टवेअरने पार धुऊन काढू नका. खरखरीबरोबर ऑर्गनचा श्वास आणि तानेची धार जाते. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवा, सफाई नकलेवर करा.

चावीच्या ग्रामोफोनवर वाजवणार असाल तर पोलादी सुई दर बाजूला बदला. एक बाजू झाली की ती झिजून छिन्नीसारखी होते. आणि त्यावर एलपी चुकूनही ठेवू नका.

रीळ:
कॅसेटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. या संग्रहात सगळ्यात आधी जपायचं ते तेच. जॅझची एलपी जगात कुठेतरी असेल. गावच्या भजनी मंडळाची कॅसेट बहुधा तेवढीच.

वाजवण्याआधी खिडकीतून बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी आहे, डेकमध्ये घालू नका, एक बुरशीची कॅसेट पुढच्या दहांना देते. बरी दिसली तर मधल्या खिडकीजवळची छोटी लोकरी गादी जागेवर आहे का पाहा. तिचा गोंद वाळतो आणि ती गळते, मग आवाज येतो-जातो. चार-पाच स्क्रूचं कवच असेल तर उघडून दुसऱ्या, निकामी कॅसेटमधली पट्टी बसवता येते. चिकटवलेलं कवच असेल तर कडेने फोडून गुंडाळ्या नव्या कवचात घालाव्या लागतात. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, आणि नंतरच वाजवा. वर्षानुवर्षं पडून फीत घट्ट बसते आणि पहिल्याच मिनिटाला ओढली जाते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. डेकमध्ये फितीवरचा आवाज वाचणारा भाग म्हणजे हेड. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो हेडचा कोन ठरवतो. गावातल्या रेकॉर्डरचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन एक नसतो, म्हणून आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. लोक समजतात फीत खराब झाली. मोनो करा, भजनात टाळ वाजतायत अशी जागा लावा, बारीक स्क्रूड्रायव्हरने पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवत टाळ सगळ्यात झणझणीत कुठे ऐकू येतो ते शोधा. तिथेच थांबा. प्रत्येक कॅसेटला हे वेगळं करावं लागतं. याने जो फरक पडतो तो कोणत्याही महागड्या यंत्राने पडत नाही.

संगणकावर घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ. तासाला साधारण २ जीबी लागतात, ९० मिनिटांच्या कॅसेटला ३ जीबीच्या थोडं वर. आवाजाचा काटा सर्वांत मोठ्या जागीही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पखवाजाची एक थाप कापली गेली की ती परत जोडता येत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि फाइलच्या नावात गाव, मंडळ, साल. कव्हरचा फोटोही काढा, कागद फितीच्या आधी जातो.

कॅसेट किंवा तबकड्या फ्रीझरमध्ये घालू नका. वरचा उपाय फक्त कागद आणि मसाल्यासाठी आहे.

नांदरुख:
डीव्हीडींबद्दल थोडक्यात. डिस्क कुठल्या देशांच्या यंत्रांवर चालेल ते तिच्या रीजनवर ठरतं. जपानी डीव्हीडी रीजन २, आपली ५. ब्लू रेत जपान ए, आपण सी. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, पाचव्यानंतर तो तिथेच कुलूपबंद होतो. म्हणून एक जुना ड्राइव्ह कायमचा रीजन २ वर ठेवा. आणि मागवण्याआधी सबटायटल्स बघा, जपानच्या बाजारासाठी काढलेल्या कित्येक डिस्कवर जपानीखेरीज काही नसतं.

खरी घाई व्हीसीडींची. त्यांचं चित्र ३५२ गुणिले २८८, फार मोठं नाहीच, पण कितीतरी मराठी सिनेमे लोकांपर्यंत पोचले ते याच रूपात. सिनेमाच्या डेटासाठी व्हीसीडीत चूक-दुरुस्तीची सोय साध्या डेटा सीडीपेक्षा कमी असते, म्हणून एका ओरखड्यावर कॉपी अडकून पडते. साधं कॉपी-पेस्ट सोडा, खराब सेक्टर (डिस्कवरचे वाचता न येणारे तुकडे) वगळून पुढे जाणारं सॉफ्टवेअर वापरा. डिस्क पुसायची ती मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि लांबलचक तुकडा जातो.

पाठशिवण:
सगळ्यांचं मूळ ओलावा आहे, त्यावर येऊ. एक आर्द्रतामापक घ्या, स्वस्तातला चालेल, पण तपासून. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ, त्यात ओलसर वाळूसारखं होईल इतकंच पाणी. बूच आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून १२ तास. काटा ७५ दाखवायला हवा. ७० दाखवला तर तुमचा मापक ५ने कमी सांगतो, तेवढे कायम मिळवा. मीठ पातळ झालं तर चाचणी चुकते.

कागद, तबकड्या, फिती या सगळ्यांना ४५ ते ५५ टक्के मानवतं. ६५च्या वर गेलं की बुरशीला रान मोकळं. ठाण्यात जुलैत ८५-९० सहज. एवढ्या खोलीला दिवसाला १०-१२ लिटर ओढणारा डीह्युमिडिफायर पुरेल, दारं-खिडक्या बंद ठेवून. रात्री दोन तास एसी लावून बंद करणं हा उपाय नव्हे. गार झालेल्या तबकडीवर बाहेरची दमट हवा येऊन बसते, ते जास्त वाईट. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

यंत्र नको असेल तर हवाबंद खोके आणि सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे). ४० लिटरच्या खोक्याला अर्धा किलो, नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, मसाल्याच्या घरात ते नको. ओलावा भरून हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास सुकवा.

खडाहिंग:
गोडा मसाला वर्षभराचा एकदम करण्याबद्दल. तो बिघडतो तो खोबरं आणि तिळामुळे, त्यांचं तेल खवट होतं. म्हणून दोन भाग करा. कोरडा भाग: धने २५० ग्रॅम, दगडफूल १०, दालचिनी १०, शहाजिरं १०, लवंग, मिरी, नागकेशर, तमालपत्र प्रत्येकी ५, हळकुंडाचा तुकडा, खडा हिंग ५. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, दगडफूल आधी निवडून, त्यात माती आणि किडे दोन्ही असतात. पूर्ण गार करून दळा. गरम दळलं की डब्यात वाफ धरते आणि गठ्ठे होतात. हा भाग काचेच्या बरणीत सहा महिने सहज राहतो. तेलकट भाग: सुकं खोबरं १०० ग्रॅम, तीळ ५०, मंद आचेवर बदामी भाजून, लागेल तसा पंधरा दिवसांचाच करा आणि मिसळा. वरणा-आमटीत फरक लगेच कळतो.

लोणच्याच्या बरण्यांना किड्याची भीती नाही, मीठ आणि तेल त्यांचं राखण करतं. फोडींवर बोटभर तेल राहू द्या. पण बरणी तबकड्यांच्या वरच्या कप्प्यात नको, खालच्या, फरशीजवळच्या कप्प्यात ठेवा, पसरट ताटात. तेल पाझरतंच. आमसुलंही तिथेच, त्यांना पाणी सुटतं. धने, हळद आणि मसाले मात्र या खोलीतून स्वयंपाकघरात न्या, रबरी कडेच्या झाकणाच्या बरण्यांत. एवढी एकच गोष्ट हलवायची असेल तर ती ही.

सरमिसळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. मसाले आजच हलवते. फ्रीझर लहान आहे, एका वेळी पाच-सहा पुस्तकंच मावतील. आधी कोणती घालू? दिवाळी अंक की कापडी बांधणीची?

पाठशिवण:
भोकं पडलेली कापडी बांधणीची आधी, मग त्याच कप्प्यातली न पडलेली. तोवर उरलेली पिशव्यांत बंद करून ठेवा, म्हणजे किडा पुढे जात नाही. दिवाळी अंकांत खळ जवळजवळ नसते, त्यांना भुंगेऱ्याची भीती कमी. त्यांचा त्रास पिना. दमट हवेत पिना गंजतात आणि गंजाभोवतीचा कागद जळून मधली पानं सुटतात. अंक उघडा धरून पिनेचे पाय पातळ बोथट सुरीने मागून सरळ करा, ओढू नका, पुढून उचला. त्याच भोकांतून न रंगवलेला सुती दोरा घालून मधल्या पानावर गाठ मारा. गाठ आतल्या बाजूला, टोकं अर्धा इंच सोडून.